२०० अँपची घरगुती वेल्डिंग मशीन: बाबांच्या ४०७ खाली दोन पावसाळे

आधीच सांगते, मशीन घ्या. पण तिच्या डायलवरचा आकडा खरा धरू नका, आणि तिने जोडलेला पहिला तुकडा गाडीखाली लावू नका. तो व्हाइसमध्ये धरून हातोड्याने तोडा आणि आत काय झालंय ते बघा. मी हे उशिरा केलं. मधल्या काळात बाबा त्या गाडीने रोज रात्री माल वाहत होते, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात क्यूसीला, म्हणजे तयार कामाची तपासणी करायला आहे, नऊ वर्षं झाली. त्याआधी आयटीआयमधून वेल्डरचा एक वर्षाचा ट्रेड केला. घर गोठिवलीत, गावठाणात. बाबांची टाटा ४०७ आहे, २०१४ ची, दुसऱ्या हाताची घेतलेली. रात्री दीडच्या सुमाराला ते निघतात, वाशीच्या एपीएमसीतून कांदा-बटाटा भरतात आणि उजाडायच्या आत ठाण्याला जांभळी नाक्यावर उतरवतात. गाडीत दोन-सव्वादोन टन माल, ठाणे-बेलापूर रस्ता आणि पावसाळ्यातले त्याचे खड्डे. सगळा मार पाट्यांवर (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर), बुशांवर आणि हादरे शोषणाऱ्या शॉकअपवर बसतो.

वेल्डिंग मशीन घरी आणायचं कारण मागच्या डाव्या शॉकअपचं वरचं ब्रॅकेट. ४०७ चे पार्ट कुठेही मिळतात. १९८६ पासून ही गाडी रस्त्यावर आहे, तिचा पार्ट ठेवत नाही असं दुकान मला तरी दिसलेलं नाही. पण आमच्या गाडीच्या आधीच्या मालकाने चॅसिसला नवी भोकं पाडून भलत्याच गाडीचं ब्रॅकेट बसवलं होतं. तयार ब्रॅकेट आणलं की भोकं १४ मिलिमीटरने चुकायची. दोन गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळालं: गॅसने भोक लांबवून बसवून देतो. गॅसने कापलेल्या वेड्यावाकड्या भोकात बोल्ट कधीच नीट दाबून बसत नाही, तो हलत राहतो आणि भोक खात जातो. चॅसिसला आणखी भोकं पाडणं तर मला मुळीच मान्य नव्हतं. म्हणून आहेत त्या भोकांवर बसेल असं ब्रॅकेट स्वतः बनवायचं ठरवलं.

२०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईला नागदेवी स्ट्रीटला जाऊन मशीन आणली. सिंगल फेजवर चालणारी, डीसी, २०० अँपची इन्व्हर्टर, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणारी. ८,६०० रुपये. कंपनीचं नाव देत नाही, कारण अगदी हाच डबा चार वेगवेगळ्या रंगांत आणि चार नावांनी त्याच गल्लीत मांडलेला मी पाहिला. वजन साधारण पाच किलो, खांद्याला अडकवून दुसऱ्या मजल्यावर नेता येते. आयटीआयमध्ये आम्ही ज्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मरवर शिकलो, तो हलवायला चौघं लागायची आणि त्याला दोन फेज लागायचे. घरगुती वापरासाठी इन्व्हर्टरला पर्याय नाही, हे मान्य करूनच पुढचं लिहिते.

डब्यासोबत आलेलं सामान वाईट आहे. रॉड धरायच्या होल्डरची केबल दोन मीटर आणि आतली तार तांब्याच्या रंगाची, पण तांब्याची नाही. चाकूने खरवडली की पांढरी दिसते. अर्थिंगचा चिमटा पत्र्याचा, दुसऱ्या दिवशीच त्याची स्प्रिंग ढिली पडली. सोबत हातात धरायची प्लास्टिकची ढाल दिली होती, तिच्या काचेवर शेड नंबरच (काच किती गडद ते सांगणारा आकडा) नव्हता. ती मी वापरली नाही, पण माझ्या धाकट्या भावाने टॉर्च धरताना तीच डोळ्यांसमोर धरली, तीही अर्धवट. रात्री दोन वाजता तो उठून बसला, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणून. आर्कचा उजेड लागला की त्रास लगेच होत नाही, काही तासांनी होतो, त्यामुळे माणूस बेसावध राहतो. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, दोन दिवसांत बरा झाला. आता बघणाऱ्यालाही शेड ११ ची काच असल्याशिवाय मी आर्क पेटवत नाही. केबल २५ चौरस मिलिमीटरची, खऱ्या तांब्याची, पाच मीटर घेतली. चांगला होल्डर आणि पितळी चिमटा घेतला. हा खर्च मशीनच्या निम्म्याच्या आसपास गेला. तो धरूनच मशीनची किंमत मोजा.

आता त्या पहिल्या ब्रॅकेटची गोष्ट.

बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर भोकांचा साचा काढला. तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून ८ मिलिमीटर प्लेटचा कटपीस घेतला. भंगारातल्या लोखंडाला प्रमाणपत्र नसतं, म्हणून ग्राइंडर लावून ठिणग्या बघितल्या. साध्या मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ आणि पिवळसर जातात; कार्बन जास्त असेल तर त्या मधेच फुलबाजीसारख्या फुटतात. माझा तुकडा सरळ जाणारा होता. १८० बाय १२० चा तळ कापला, साधारण एक किलो साडेतीनशे ग्रॅमचा. त्यावर शॉकअपची पिन धरणारे दोन कान आणि त्यांना आधाराला ६ मिलिमीटरच्या तिकोनी पट्ट्या, म्हणजे गसेट. रॉड साधे ६०१३ प्रकारचे, ३.१५ मिलिमीटर जाडीचे, गल्लीतल्या हार्डवेअरमधून सुटे घेतलेले. डायलवर १२० लावलं. आर्क छान पेटला, बीड, म्हणजे वेल्डची पट्टी, एकसारखा आला, स्लॅग, म्हणजे त्यावरची खपली, एका टोल्यात निघाला. शेजारचे काका बघायला आले आणि म्हणाले, मशीनने भरल्यासारखं दिसतंय. मलाही आनंद झाला.

पाच आठवड्यांनी बाबा पहाटे घरी आले आणि म्हणाले, "बाय, खालून कायतरी वाजतंय गो." गाडीखाली शिरले तर उजवा कान वेल्डच्या कडेला फाटलेला आणि शॉकअप एका बाजूने लोंबकळत होता. शॉकअप सुटला म्हणून गाडी उलटत नाही, पाटे आपलं वजन धरून राहतात. पण तोच शॉकअप ब्रेकच्या पाइपवर आपटला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी दिवसभर करत होते.

तुटलेला तुकडा काढून उन्हात धरला. फुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळपट, गंज चढलेला होता आणि निम्मा लख्ख चमकत होता. म्हणजे भेग त्या रात्रीची नव्हती. ती कधीचीच पडली होती, रोज थोडी थोडी आत सरकत होती, आणि उरलेल्या निम्म्या भागाने त्या रात्री दम सोडला. त्याहून वाईट गोष्ट खाली दिसली. जिथे कान आणि तळ यांचा कोपरा मिळतो, तिथे तळाच्या प्लेटची ग्राइंडरची रेघ जशीच्या तशी शाबूत होती. वेल्डचा माल तिच्यावर नुसता बसला होता, आत शिरलाच नव्हता. बाहेरून देखणा बीड आणि मुळात काहीच धरलेलं नाही. कारखान्यात असा जॉब समोर आला असता तर मी एका सेकंदात रिजेक्ट केला असता. घरचा म्हणून मी तपासला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनदादांकडून डीसी करंट मोजणारा टाँग टेस्टर (केबलभोवती अडकवायचा मीटर) मागून आणला. डायलवर १२०, टेस्टरवर ९५. डायलवर १५०, टेस्टरवर ११८. डायल पूर्ण २०० वर नेली तरी टेस्टर १५८ च्या वर गेला नाही. संध्याकाळी, गावठाणात सगळ्यांचे पंखे-पंप चालू असताना घरातलं व्होल्टेज १९५ पर्यंत उतरतं, तेव्हा तर १४० च मिळाले. म्हणजे २०० अँप म्हणून घेतलेली मशीन खरी १६० ची आहे. ९५ अँपवर ३.१५ चा रॉड जळतो आणि दिसायलाही छान दिसतो, पण ८ मिलिमीटरची थंड प्लेट ती उष्णता ओढून घेते आणि कोपऱ्याच्या मुळाशी वितळणं होतच नाही. पातळ खिडकीच्या जाळीला हे चालून जातं. रोज हादरे खाणाऱ्या ब्रॅकेटला चालत नाही.

यात मशीनचा दोष किती आणि माझा किती, हे मी मनात बरंच तोललं. खोटा आकडा छापणं हा बनवणाऱ्याचा दोष, तो मी माफ करणार नाही. पण वेल्डरने आकड्यावर जायचं नसतं, वितळलेल्या मालाच्या डबक्याकडे बघायचं असतं. डबकं दोन्ही प्लेटच्या कडा खात पुढे जातंय का, हे बघायला मला सरांनी शिकवलं होतं. तेवढं मी त्या दिवशी केलं नाही.

मग नमुने तोडायला घेतले. त्याच प्लेटचे दोन तुकडे टी आकारात उभे करायचे, एकाच बाजूने वेल्ड मारायचा, थंड झाला की व्हाइसमध्ये धरून वेल्डच्या विरुद्ध बाजूने पाच किलोच्या घणाने हाणायचा. वेल्ड मधून फाटतो आणि मूळ उघडं पडतं. खऱ्या ९५ ला कोपऱ्यात तीच न वितळलेली रेघ. ११० ला रेघ अर्धी गेली. १२५ ला मुळापर्यंत सगळं एकजीव झालेलं, करड्या रंगाचं, खडबडीत. कुठेही ग्राइंडरची खूण नाही. या मशीनवर १२५ मिळवायला डायल १६० वर न्यावी लागते. मार्करने मी डब्यावरच खऱ्या अँपच्या खुणा करून टाकल्या. टाँग टेस्टर मिळत नसेल तरी हे तोडून बघणं कुणालाही करता येतं, खर्च फक्त दोन रॉडचा.

रॉडही बदलला. ताण घेणाऱ्या कामाला मी आता ७०१८ वापरते, आम्ही त्याला सत्तर-अठरा म्हणतो. ६०१३ मधला ६० आणि ७०१८ मधला ७० हा मालाच्या ताकदीचा आकडा, पण खरा फरक तिथे नाही. ७०१८ च्या लेपात हायड्रोजन कमी असतो, माल जास्त चिवट येतो आणि भेग सहज पडत नाही. मात्र हा रॉड ओल खातो. नवी मुंबईच्या जुलैमध्ये पाकीट फोडून कपाटात ठेवलं तर सत्तर-अठराचा काहीच फायदा उरत नाही. पाकीट फोडल्यावर चार तासांच्या आत वापरा, नाहीतर परत भाजा. माझ्या पाकिटावर ३०० अंशांना भाजायला सांगितलंय. आईचा ओटीजी २५० पर्यंतच जातो, आणि जिथे खायचं भाजतो तिथे रॉड घालणं बरोबरही नाही. मी साहेबांना विचारून कारखान्याच्या ओव्हनमध्ये भाजून आणते, थर्मासच्या जुन्या स्टीलच्या डब्यात गरम गरम आणून त्याच दुपारी संपवते. ज्यांना ओव्हन मिळत नाही त्यांनी छोटी पाकिटं घ्यावीत आणि एका बैठकीत संपवावीत.

इथे मशीनची दुसरी उणीव कळते. रॉड पेटायच्या आधी होल्डरवर जे व्होल्टेज असतं ते या मशीनला ६२ आहे. सत्तर-अठराला ७० च्या आसपास हवं असतं. पहिल्यांदा पेटतो, पण मधे थांबलात की टोकावर लेपाची टोपी होते आणि परत पेटायला हट्ट करतो. प्रत्येक वेळी टोक कानशीवर घासून घ्यावं लागतं. संध्याकाळच्या कमी व्होल्टेजला तर नकोच. मी हे काम रविवारी सकाळी साडेसात ते दहा करते, तेव्हा घरात २२५-२३० असतं. आणि रॉड प्लसला जोडा. कित्येक जण हाताला येईल त्या भोकात प्लग घालतात. ६०१३ दोन्हीकडे चालतो, सत्तर-अठराला प्लसच लागतो.

विजेचं थोडं सांगते, कारण यात लोक घर जाळून घेतील. खऱ्या १२५ अँपवर काम करताना भिंतीतल्या प्लगमधून २२ अँप ओढले जात होते, मी मोजले. आपला मोठा प्लग असतो १६ अँपचा. माझ्या प्लगची पिन दुसऱ्याच रविवारी काळी पडली आणि प्लास्टिकचा वास आला. मीटरपासून वेगळी ६ चौरस मिलिमीटरची तार ओढून ३२ अँपचा औद्योगिक सॉकेट, ३२ चा सी प्रकारचा एमसीबी आणि वीज गळली की पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवून घेतला, महावितरणकडून घराचा मंजूर भार वाढवून घेतला. अंगणात पाणी असेल तर काम बंद. कोरड्या फळीवर, गमबूट घालून, कोरडे हातमोजे घालूनच उभं राहायचं. घामाने भिजलेला हातमोजा हा हातमोजा नव्हेच.

दुसरं ब्रॅकेट मे महिन्यात बनवलं. या वेळी घाई केली नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याची डीपी टेस्ट केली, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा रंगाने शोधणारी तपासणी. कारखान्यात वापरतो तेच तीन स्प्रे, मी माझ्या पैशाने घेतले. आधी क्लीनर मारून वेल्ड पुसून घ्यायचा. मग लाल पेनिट्रंट मारून दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा, म्हणजे तो रंग भेग असेल तर आत झिरपतो. मग कापडाने वरचा लाल रंग पुसायचा; क्लीनर कापडावर घ्यायचा, वेल्डवर थेट मारायचा नाही, नाहीतर भेगेतला रंगही धुऊन निघतो. आणि शेवटी पांढरा डेव्हलपर. पांढरी पावडर वाळली की तुम्ही फक्त बसून बघायचं.

मी अंगणातल्या पायरीवर ब्रॅकेट ठेवून बसले होते, आई तांदूळ निवडत शेजारी. सगळा वेल्ड पांढरा शुभ्र. मग डाव्या गसेटच्या टोकाला, जिथे मी रॉड उचलला होता तिथे, टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका उमटला. बघता बघता त्याला तीन बारीक पाय फुटले, चांदणीसारखे. आई म्हणाली, "कुंकू सांडलं का गं?" ती क्रेटरची भेग होती. वेल्ड संपताना रॉड झटकन उचलला की शेवटी खळगा राहतो, तो आकसताना मधोमध फाटतो. डोळ्याला दिसत नाही. गाडीखाली ती एकदा रोजचे हादरे खायला लागली की तिथून पुढे चालू लागते, पहिल्या ब्रॅकेटमध्ये चालली तशीच. ग्राइंडरने तेवढा भाग खोदून काढला, पुन्हा भरला, आणि या वेळी शेवटी रॉड अर्धा सेकंद थांबवून जरा मागे नेऊन उचलला. गसेटच्या टोकाशी वेल्ड न थांबवता कोपऱ्यावरून वळवून घेतला. पुन्हा टेस्ट केली. पूर्ण पांढरं.

तेव्हापासून ते ब्रॅकेट गाडीखाली आहे. चॅसिसला वेल्ड केलेलं नाही, जुन्याच चार भोकांत १०.९ ग्रेडच्या एम१२ बोल्टांनी आणि नायलॉक नटांनी घट्ट केलंय. वेल्डवर पांढरा ऑइल पेंट मारलाय. पांढऱ्यावर भेग पडली तर तिथे गंजाची तांबडी रेघ लगेच दिसते. बाबा दर रविवारी टॉर्च आणि ओलं फडकं घेऊन खाली शिरतात, चिखल पुसतात आणि खालूनच ओरडून सांगतात, "पांढरं हाय गो!" दोन पावसाळे झाले, अजून पांढरं आहे. हेल्पर पाट्याचे (जास्त भाराला मदत करणाऱ्या जादा पाट्याचे) दोन्ही टेकेही नंतर याच मशीनवर बनवले, ते सोपं काम होतं. शॅकलच्या (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या दुव्याच्या) बाजूच्या पट्ट्या झिजल्या होत्या, त्या मात्र मी बनवल्या नाहीत. त्या तयार मिळतात आणि नीट बसतात, मग बनवायच्या कशाला.

या मशीनने काय करू नये तेही लिहायला हवं, कारण आमच्या अंगणात तीच विचारणा होते. तुटलेला पाटा घेऊन दोघं जण आले होते. पाट्याला वेल्ड मारायचाच नाही, कोणत्याही रॉडने नाही. पाट्याचं पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा ठरावीक उष्णता देऊन लवचीक केलेलं असतं. वेल्डच्या शेजारी ती सगळी मेहनत वाया जाते, एक पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो आणि पाटा तिथेच मोडतो. ॲक्सल, स्टेअरिंगचे दांडे, ओतीव हँगर यांनाही घरच्या मशीनने हात लावत नाही. गाडीवरच टाका मारायची वेळ आली तर बॅटरीची मायनस वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा जॉबलाच लावा. पाट्याला किंवा चाकाला लावलात तर करंट बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोळ्यांवर डाग पडतात. डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाइप जवळ असतील तर तिथे वेल्डिंगच नको, ब्रॅकेट सोडवून बाहेर आणा.

एक ओळखीचे काका पाटे वाढवून जास्त माल टाकता येईल असे टेके बनवून मागत होते. मी नाही म्हटलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बनवणाऱ्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते पुन्हा स्पष्ट केलं आहे. पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. पाटे वाढले म्हणून ब्रेक वाढत नाहीत. मुंब्रा बायपासच्या उतारावर ती गाडी मागे असताना पुढे कुणीतरी रिक्षातून घरी चाललेलं असतं. आमची गाडी आठ वर्षांपुढची, दर वर्षी फिटनेसला जाते. मी बनवलेलं ब्रॅकेट शॉकअपला मूळ जागी आणि मूळ कोनात धरतं, म्हणूनच ते लावताना माझं मन स्वच्छ होतं.

टिकाऊपणाबद्दल. डब्यावर लिहिलंय, २०० अँपला ६० टक्के, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं चालवा. मे महिन्याच्या दुपारी खऱ्या १२५ ला सलग सात रॉड जाळल्यावर पिवळा दिवा लागला आणि मशीन थांबली, बारा मिनिटांनी परत सुरू झाली. एका ब्रॅकेटला पाच रॉड लागतात, त्यामुळे माझी अडचण झाली नाही. दिवसभर गेट-ग्रिल करणाऱ्याची होईल.

पहिल्याच ऑगस्टमध्ये मशीन बंद पडली. वॉरंटी वर्षाची होती, पण कंपनीच्या नंबरवर तीन आठवडे फोन केले, तक्रार नोंदवली एवढंच उत्तर मिळत राहिलं. विक्री करताना जो तत्परपणा होता तो नंतर कुठे जातो, याचा मला खरंच राग आला. शेवटी ठाण्यात कार्ड दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे नेली. त्याने झाकण उघडून मला दाखवलं: आतल्या कार्डवर काळी भुकटी चिकटली होती, पावसाळी दमटपणाने तिचा लेप झाला होता. ती भुकटी माझ्या ग्राइंडरची होती, लोखंडाची. मशीनचा पंखा मागून हवा ओढतो आणि मी ग्राइंडर बरोबर तिच्या मागेच चालवत होते. त्याने १,४०० रुपये घेतले, कार्ड ब्रशने धुऊन वार्निश मारून दिलं, आणि पैसे घेताना पुन्हा सांगितलं की महिन्यातून एकदा ब्लोअर मारा. आता ग्राइंडर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असतो आणि काम झालं की मशीन घरात, पलंगाखाली.

कुणासाठी, असं विचाराल तर ज्याला वेल्डिंग येतं आणि आपल्या गाडीची, घराची, शेतावरची चार कामं करायची आहेत त्याच्यासाठी ८,६०० अधिक केबलचे पैसे योग्य आहेत. ज्याला येत नाही त्याने आधी सहा महिने भंगाराच्या तुकड्यांवर हात बसवावा, गाडी नंतर. दुकानात जाल तेव्हा २०० ऐवजी २५० लिहिलेली बघा, म्हणजे खरे २०० च्या आसपास मिळायची आशा राहील. दुकानदाराला सत्तर-अठरा पेटवून दाखवायला सांगा. त्याच्याकडे ६०१३ च असतील, म्हणून आपले चार रॉड पिशवीत घेऊन जा.

मागच्या रविवारपासून पंखा घरघरतोय. बेअरिंग गेलं असावं. तसाच पंखा लॅमिंग्टन रोडला मिळतो म्हणतात, शनिवारी सुट्टी आहे तेव्हा जाऊन येईन. तोवर मशीन पलंगाखालीच आहे, आणि शेजारच्या काकांच्या गेटचं बिजागर थांबलंय.